गोधडी कुणाची?

परवा रात्री साडेनऊला आत्याचा फोन. साडेनऊ म्हणजे आत्याच्या घड्याळात मध्यरात्र, त्यामुळे आधी काळजात धस्सच झालं. पण पलीकडून "जेवलीस का" सुद्धा न विचारता थेट प्रश्न आला, "काय गं, तू म्हणे त्या लोकांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसली होतीस?"

कुठल्या लोकांच्या, असं मी मुद्दाम विचारलं. मग ते कोण हे आत्याला नीट सांगता येईना. "तेच गं ते, इराणी का कोण. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरचे." कुणीतरी फोटो पाठवला होता म्हणे. फोटोत मी, माझ्या मागे दोरीवर टाकलेली गोधडी आणि कोपऱ्यात एक नऊ टोकांचा कागदी तारा. एवढ्या भांडवलावर आमच्या खानदानात तीन दिवस चर्चा झाली. काकांचं म्हणणं, असंच सुरू होतं, आधी प्रदर्शन मग प्रार्थना. एका वहिनीचं म्हणणं, पैशांची एवढी काय नड होती? आणि आत्याचं म्हणणं सगळ्यात लागलं मला. "आपल्याकडे गोधड्या विकत नाहीत. आणि विकलीस ती विकलीस, वर चिठ्ठीवर भलत्याच बाईचं नाव कशाला?"

प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. आणि हो, यातलं काही मी गोड बोलून सांगणार नाहीये.

तर आधी "ते लोक".

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बहाई आहेत. त्यांचे आजोबा इराणातल्या यझदहून आले. काकू स्वतः पुण्यात जन्मल्या, आणि त्यांचं मराठी माझ्या मुलांपेक्षा कितीतरी बरं आहे. भाजीवाल्याशी त्या ज्या मराठीत हुज्जत घालतात ती ऐकली तर आत्या त्यांना जवळची नातेवाईक मानेल. :)

बहाई धर्म तसा तरुण. बाब (१८१९ ते १८५०) आणि बहाउल्लाह (१८१७ ते १८९२) हे त्याचे दोन संस्थापक, दोघेही इराणातले. देव एक, सगळे धर्म त्याच्याकडूनच आलेले, माणूसजात एक, हा गाभा. पुरोहित नाहीत. दारू नाही. पक्षीय राजकारण नाही. आपल्या महाराष्ट्रातही हे काही कालपरवा आलेलं नाही. पाचगणीची त्यांची न्यू एरा शाळा १९४५ सालची आहे.

आता गंमत बघा. आत्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो आहे. दिल्लीच्या सहलीचा. आत्या, आतोबा, दोन्ही पोरं, आणि मागे पांढरंशुभ्र लोटस टेंपल. ते कुणाचं आहे आत्या? त्यांचंच. १९८६ साली ते खुलं झालं. फरिबोर्ज साहबा या इराणी बहाई वास्तुरचनाकाराने ते कमळ काढलं, संगमरवराच्या २७ पाकळ्या आणि नऊ दारं. तिथे चपला काढून, रांगेत उभं राहून, गप्प बसून आलात तुम्ही सगळे. तेव्हा कुणाचा धर्म बाटला नाही, मग आपल्याच सोसायटीतल्या बाईच्या शेजारी टेबल मांडून कसा बाटतो?

आणि "ते लोक" हा शब्द जरा जपून वापरा, ही माझी विनंती. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर या समाजावर काय गुदरलं ते वाचा. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई बायकांना फासावर चढवलं. त्यातली सगळ्यात लहान १७ वर्षांची होती, आणि मुलांचे वर्ग घेणं हा तिच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. मुलामुलींना विद्यापीठाची दारं बंद केली तेव्हा १९८७ साली त्यांनी घराघरांतून स्वतःचं उच्चशिक्षण सुरू केलं. तिथेही सुरुवात याच शब्दाने झाली असणार. "ते लोक."

आता प्रदर्शनाकडे येते.

बहाई पंचांगात १९ दिवसांचा एक असे १९ महिने. १९ गुणिले १९ म्हणजे ३६१. वर्ष पुरं व्हायला चार किंवा पाच दिवस कमी पडतात, ते शेवटच्या महिन्याच्या आधी घालतात. त्यांना म्हणतात अय्याम-ए-हा. आपला अधिक मास जसा तीनेक वर्षांतून एकदा हिशोब जुळवायला येतो तसा यांचा दरवर्षी, पण चारपाच दिवसांत आटोपतो. हे दिवस पाहुणचाराचे, भेटी देण्याचे, गरजूंसाठी काही करण्याचे. त्यानंतर १९ दिवस सूर्योदय ते सूर्यास्त उपास, आणि मग वीस-एकवीस मार्चला नवरोज. आपण अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे देतो आणि दान केलं म्हणतो. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर या दिवसांत, फेब्रुवारीच्या शेवटी, काकू आणि त्यांच्या मंडळींनी एक छोटंसं कला आणि हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. एका हॉलमध्ये, दोन दिवस, शेजारीपाजारी सगळ्यांना आमंत्रण. काकूंनी माझी गोधडी पाहिली होती. म्हणाल्या, "तुम्ही टेबल घ्या ना."

फेब्रुवारी संपताना पुण्यात गोधडी विकायची म्हणजे पावसाळा संपताना छत्र्या विकण्यासारखं. तरी मी हो म्हटलं.

पहिली गोष्ट जाणवली ती ही की, "कला" एकीकडे आणि "हस्तकला" दुसरीकडे असा भेद नव्हता. एका बाजूला एका मुलाची सुलेखनं होती, मिश्किन कलम या जुन्या बहाई सुलेखनकाराचा आदर्श ठेवून केलेली. हे गृहस्थ १९१२ साली वारले, अक्षरांमधून पक्षी काढायचे. या पोराने देवनागरीतून मोर काढला होता. त्याच्या शेजारी एका आजींचे क्रोशाचे रुमाल. मग माझी गोधडी. मग लहान मुलांची भेटकार्डं, मग एका निवृत्त मास्तरांनी केलेली लाकडी खेळणी. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. एकच पथ्य सांगितलं होतं, बाब आणि बहाउल्लाह यांचं चित्र कुणी काढायचं नाही. त्यांच्यात ते चालत नाही.

दुसरी गोष्ट खास काकांसाठी. पहिल्या दिवशी संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ खूश होऊन पाचशेची नोट काढून म्हणाले, "हे तुमच्या संस्थेला माझ्याकडून." काकूंनी हात जोडले आणि नोट परत केली. बहाई धर्माच्या निधीत फक्त बहाईच पैसे देऊ शकतात, इतरांकडून घेत नाहीत. "तुम्हाला काही द्यायचंच असेल तर या आजींचा रुमाल घ्या," म्हणाल्या. विकलेल्या वस्तूचे पैसेही थेट ज्याच्या त्याच्या हातात. काका, मला आठवतील तेवढे सगळे धार्मिक कार्यक्रम मी डोळ्यांसमोर आणले. कुणी पुढे केलेली नोट परत केल्याचं एकही उदाहरण सापडेना. तुम्हाला सापडलं तर कळवा.

आता मुद्द्याची गोष्ट. इथून पुढे माझीच लाज आहे.

प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावायची होती. वस्तूचं नाव, किंमत, आणि तिसरी ओळ: बनवणार कोण. मी चटचट लिहिलं. गोधडी, रु. २८००, आणि माझं नाव.

काकू चिठ्ठ्या गोळा करत आल्या. गोधडीच्या काठावरून हात फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "टाके सुंदर आहेत हो. तुम्ही घातले?"

नाही. मी नव्हते घातले.

साड्या माझ्या. माझ्या आईच्या दोन, सासूबाईंची एक, माझ्या चार. रंग मी जुळवले, तुकडे मी कापले, वरचा थर मी मशीनवर जोडला. पण गोधडी म्हणजे थर नव्हेत. गोधडी म्हणजे ते थर एकमेकांना धरून ठेवणारा धावदोरा. तो घातला होता आमच्याकडे अधूनमधून येणाऱ्या मावशींनी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच सांगितलंय, "चिठ्ठीवर लिवा, नेटावर नको." फरशीवर गोधडी पसरून, काठापासून सुरुवात करून, चौकोनात चौकोन आत आत जात त्या मध्यावर येऊन थांबल्या होत्या. आणि मी चिठ्ठीवर माझं नाव लिहून मोकळी झाले होते. वाईट हेतूने नव्हे हं. मला सुचलंच नाही. आणि हेच जास्त वाईट आहे असं मला वाटतं.

घरी येऊन मी हिशोब मांडला. गोधडी सहा फूट बाय साडेचार फूट, म्हणजे ७२ इंच बाय ५४ इंच. टाक्यांच्या दोन ओळींत साधारण एक इंच अंतर. म्हणजे सगळा दोरा सरळ केला तर ३८८८ इंच, ३२४ फूट शिवण. इंचाला तीन टाके. एकूण ११,६६४ टाके. सात थरांतून सुई आरपार काढायची म्हणजे मिनिटाला दहा टाके धरले तरी खूप झाले. एकोणीस तासांच्या वर. (बहाई मंडळींचा लाडका आकडा निघाला हे पाहून मला हसूच आलं. :)) या एकोणीस तासांचे मी मावशींना दिले होते आठशे रुपये. तासाला बेचाळीस.

आणि मला काय मिळणार होतं? कापणं, जुळवणं, जोडणं धरून माझे दहा तास. दोरा आणि अस्तर मिळून दोनशे रुपये खर्च. अठ्ठावीसशेतून दोनशे गेले, आठशे गेले, उरले अठराशे. तासाला एकशे ऐंशी.

बेचाळीस आणि एकशे ऐंशी. वर नाव माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी बदलली. आधी मावशींचं नाव, खाली माझं. आणि मावशींना म्हटलं, प्रदर्शनाला चला. त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून आल्या. खुर्चीवर आधी बसेनात. काकूंनी हाताला धरून बसवलं. चिठ्ठी मी वाचून दाखवली. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणीबिणी येईल, सिनेमात येतं तसं. मावशी म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ द्या ताई. नावानं काय हुतंय? पुढच्या खेपेला पैसं वाढवा."

घ्या! माझ्या सगळ्या भावनिक तयारीवर पाणी.

पण त्यांचंच बरोबर होतं. नाव दिलं की आपण मोठे झालो असं मला वाटत होतं, तेही फुकटात. गोधडी दुपारी विकली गेली. मग खर्च वजा करून उरलेले सव्वीसशे मी तासांवर वाटले. एकोणीस त्यांचे, दहा माझे. त्यांच्या वाट्याला सतराशे येत होते. आठशे आधी दिलेले, नऊशे आणखी दिले. त्यांनी मोजून घेतले, "बराबर हाय" म्हणाल्या आणि पिशवीत टाकले. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं, माझ्याकडे त्यांचेच राहिलेले होते.

तर आता आत्या, तुझे मुद्दे एकेक घेते.

एक. "आपल्याकडे गोधड्या विकत नाहीत." कुणी विकत नाही? आपण विकत नाही, कारण आपल्याला विकायची वेळ आली नाही. गोधडी म्हणजे माया, आजीची ऊब, हे सगळं मलाही कळतं. पण माया घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला द्यायची असते. मावशींनी माझ्या घरात बसून सात थर शिवले ती माया नव्हती, मजुरी होती. त्या घरी गेल्यावर त्यांना स्वतःच्या पोरांसाठी भाकरी थापायची होती. आपल्या घरातल्या ज्या वस्तूंना आपण मायेचं नाव देतो त्यातल्या किती दुसऱ्याच कुणाच्या मजुरीवर उभ्या आहेत, हे एकदा मोजून बघ. पापड, शेवया, कुरडया, वाती, गोधड्या. "आमच्या घरचे" म्हणतो आपण ठसक्यात.

आणि प्रदर्शनात येणारे लोक! दोन दिवसांत मी जे ऐकलं त्यातलं थोडं सांगते. "जुन्या साड्यांचीच तर आहे." "मॉलमध्ये दीड हजारात कम्फर्टर मिळतो." "हे तर मी घरी करेन." (करा ना बाई, कुणी अडवलंय? मध्यावर पोचलात की फोन करा.) आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य, "छान आहे हो, वेळ चांगला जातो तुमचा." हे वाक्य बायकांच्याच वाट्याला का येतं? लाकडी खेळणी करणाऱ्या मास्तरांना दोन दिवसांत कुणी असं म्हटलं नाही. त्यांना विचारत होते, ऑर्डर घेता का? बाईने केलं की छंद, पुरुषाने केलं की कारागिरी, आणि गरीब बाईने केलं की मजुरी. टाका तोच असतो, सुईसुद्धा तीच.

दोन. "चिठ्ठीवर भलत्याच बाईचं नाव कशाला?" आमच्या चुलतभावाने तर याला तात्त्विक मुलामा दिला. म्हणे लोककलेचं सौंदर्य तिच्या अनामिकतेत असतं, अजिंठ्याची चित्रं कुणी काढली हे कुठे ठाऊक आहे? मुद्दा हलका नाही, म्हणून नीट उत्तर देते.

योगायोग असा की या वादातलं एक मोठं नाव बहाईच आहे. बर्नार्ड लीच, इंग्रज कुंभार. १९२० साली जपानी कुंभार हमादा शोजी यांच्यासोबत त्याने इंग्लंडातल्या सेंट आइव्ह्जला भट्टी उभारली आणि पुढे १९४० साली, मार्क टोबी या अमेरिकन बहाई चित्रकाराच्या मैत्रीतून, स्वतः बहाई झाला. त्याचा जपानी मित्र यानागी सोएत्सु याने अनाम कारागिराचं सौंदर्यशास्त्रच मांडलं. गरिबाघरचं रोजच्या वापरातलं भांडं, कुणी केलं ते माहीत नाही, आणि म्हणूनच त्यात अहंकाराचा लवलेश नाही, असा तो विचार. यानागीचे लेख इंग्रजीत पुस्तकरूपाने आणले ते लीचनेच, १९७२ साली. विचार सुंदर आहे, मला मोह पडतो त्याचा. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बघा. यानागीचं नाव आहे, लीचचं नाव आहे. लीचच्या स्वतःच्या भांड्यांवर त्याच्या आद्याक्षरांचा शिक्का असायचा. अनामिकतेचं कौतुक करणाऱ्यांची नावं जगाला ठाऊक आहेत, अनामिक राहिले ते मात्र खरोखरच राहिले. मावशींनी "नाव नको" म्हणणं हा त्यांचा हक्क आहे, मी त्यांचं नाव न लिहिणं ही माझी चोरी आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

आणि आपलं सामूहिक रागाचं नाटक आठवा जरा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. काय पेटलो होतो आपण! आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने स्वतः चार संदेश टाकले होते, "आमच्या कारागिरांची चोरी" म्हणून. राग बरोबरच होता. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. नंतर प्राडानेही प्रेरणा कुठली ते मान्य केलं. पण मला सांगा, आपल्या पायातली कोल्हापुरी कुणी शिवली हे आपल्यातल्या एकाला तरी माहीत होतं का? दुकानाचं नाव सांगाल. दुकानदार चप्पल शिवत नाही. मिलानच्या माणसाने जे कोल्हापूरचं केलं तेच मी माझ्या मावशींचं केलं होतं. मग त्याच्यावर पेटायचं आणि माझ्या चिठ्ठीत मात्र "भलतीच बाई" शोधायची?

तीन. "काम म्हणजे पूजा, हे आपल्याकडेही आहे, त्यांच्याकडून काय शिकायचं?" असं काका म्हणाले. आहेच की. बहाउल्लाहने सांगितलं की प्रत्येकाने काही ना काही उद्योग, हस्तोद्योग करावा, आणि सेवाभावाने केलेलं काम उपासनेच्याच तोलाचं. त्यांचे पुत्र अब्दुल बहा १९११ ते १९१३ मध्ये युरोप-अमेरिकेत फिरले, त्यांच्या भाषणांच्या संग्रहात कागद बनवणाऱ्याचं उदाहरण आहे. एक कागद मन लावून, जीव ओतून केला तर तीही देवाची स्तुतीच, अशा अर्थाचं. आपल्याकडे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आणि शरणांनी कायक सांगितलं. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, आपले संत तर नावातच धंदा घेऊन उभे आहेत. काका, तुम्ही दर आषाढीला यांचे अभंग ऐकता. पण त्याच संतांतल्या चोखोबांना देवळाच्या पायरीशीच ठेवलं होतं, आणि परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत अंगावर कोसळून ते गेले. काम पूजा होती ना? मग पुजारी बाहेर का?

हे वाक्यच मला आताशा धोक्याचं वाटतं. काम म्हणजे पूजा हे करणाऱ्याने म्हणावं. करून घेणाऱ्याने म्हटलं की त्याचा अर्थ होतो, पैसे कमी घे. "सेवा समजा", "समाजकार्य आहे", "तुमचं नाव होईल", ही सगळी त्याचीच पिल्लं. त्या प्रदर्शनातही हा धोका मला दिसला, खोटं कशाला बोलू? सगळी मंडळी सुखवस्तू, पंख्याखाली बसलेली. सेवा, प्रेम, एकता हे शब्द हवेत होते, आणि त्या हवेत मीही मावशींचे नऊशे रुपये बुडवून छान तरंगले असते. मला त्या हवेने नाही वाचवलं. वाचवलं चिठ्ठीवरच्या तिसऱ्या ओळीने आणि एका साध्या प्रश्नाने. तत्त्वज्ञान आपल्याकडे भरपूर आहे, चिठ्ठीवर ती ओळ आपण छापत नाही.

म्हणून माझं म्हणणं फार मोठं नाही. आपल्यातल्या ज्या कुणी प्रदर्शनं भरवतात, भिशीत वस्तू विकतात, दिवाळीआधी फराळाच्या ऑर्डरी घेतात (आणि यात आपल्या घरच्याच चौघीजणी आहेत, नावं घेत नाही, कळलं असेलच), त्यांनी चिठ्ठीवर एवढंच छापावं: केलं कुणी. ज्यांना नाव नको त्यांचं नका लिहू, पण विचारा. आणि नाव लिहायच्या आधी तास मोजा. मोजायला लाज वाटली तर ती लाज कशाची आहे ते बघा. माझी बेचाळीस रुपयांची होती.

किंमत वाढेल, गिऱ्हाईक जाईल, असं वहिनी म्हणतील. काही जाईल. माझी गोधडी फेब्रुवारीच्या उकाड्यातसुद्धा गेली. घेणाऱ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, दोन नावं बघितली आणि विचारलं, "यातल्या टाके घालणाऱ्या कोण?" मावशी खुर्चीतून उठल्या. बाईंनी त्यांच्याकडूनच घडी घालून घेतली, आणि मावशींनी त्यांना धुवायची कशी, वाळवायची कशी ते पाच मिनिटं समजावलं. माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही. थोडं लागलं, नाही म्हणत नाही.

पुढच्या वर्षी काकूंनी बोलावलं तर मी परत जाणार आहे. मावशींचं वेगळं टेबल असेल, त्या स्वतः दर ठरवणार आहेत. काका, तुम्हीही या. प्रार्थना म्हणायला कुणी लावणार नाही, चहा मात्र चांगला असतो.

आणि आत्या, एक काम कर. तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत ती हिरव्या काठाची वाकळ आहे ना, आपण सगळी चुलतभावंडं जिच्यात झोपलो ती? आजीची वाकळ म्हणतो आपण तिला. पण आजीला चाळीशीनंतर सुईत दोरा ओवता येत नव्हता, हे तूच सांगायचीस. मग ती शिवली कुणी? गावाकडे अजून कुणाला आठवत असेल. विचारून ठेव, मी पुढच्या रविवारी येते.